डिकीतला दिवा

मिस्त्रीण : नको, बसत नाही. मिस्त्रींची बायको मी. तुमची गाडी कुठे उभी असते तेवढं दाखवा.

बाई : ओळखलं मी वहिनी. पण मी तर अजून फोनच केला नाही. आत्ताच किल्ली फिरवून बघितली, नुसती टकटक वाजली. तुम्हाला कसं कळलं?

मिस्त्रीण : आज शनिवार. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी बाईंची गाडी बंद पडते, हे आमच्या घरात मांजरालासुद्धा पाठ आहे. फोन वाजला की हे हातातला घास टाकून उठतात. सहा वर्षं झाली. म्हटलं, आज फोनच्या आधी आपणच जाऊन यावं.

बाई : त्यांना बरं नाही का?

मिस्त्रीण : चांगले ठणठणीत आहेत. बाहेर पडायचं म्हटलं की केस विंचरतात.

बाई : गाडी जुनी झाली हो. माझ्यासारखीच.

मिस्त्रीण : तुम्ही कुठे जुन्या दिसता? तेच तर म्हणते मी. शटर वर करा.

बाई : जरा जड जातं. थांबा. हं. तुमच्या पिशवीत काय आहे?

मिस्त्रीण : तुमचा फोन वाचवणारा डबा. मुलाच्या दुकानातून उचलून आणलाय. बॉनेट उघडा. लाल चिमटा इकडे, काळा तिकडे. आता हे बटण दाबायचं आणि दोन मिनिटं गप्प उभं राहायचं.

बाई : म्हणजे ही दुसरी बॅटरी?

मिस्त्रीण : बॅटरी नव्हे. बॅटरी मेली म्हणतो आपण, पण तिच्यात थोडी धुगधुगी उरलेलीच असते. स्टार्टर फिरवण्याइतकी नसते, एवढंच. हा डबा ती हळूहळू ओढून घेतो, साठवतो आणि एका दमात देऊन टाकतो. ह्याला चार्ज करून ठेवायची कटकट नाही. वर्षभर पडून राहिला तरी चालतो. कुणी माणूस लागत नाही.

बाई : माणूस लागत नाही हे तुम्ही फार आनंदानं सांगताय.

मिस्त्रीण : दिवा हिरवा झाला. मारा किल्ली.

बाई : अगंबाई. एका झटक्यात सुरू झाली.

मिस्त्रीण : झाली ना? ह्यांना किती वेळ लागतो?

बाई : तासभर तरी. कधी दीड.

मिस्त्रीण : चार्ज केलेली बॅटरी न्यायची, दोन केबल जोडायच्या. दहा मिनिटांचं काम आहे बाई. मला शिकवू नका. आता मुलगा चालवतो ते दुकान आम्ही उभं केलं तेव्हा मी पंचविशीत होते. बॅटऱ्यांत पाणी घालायचं काम माझं. माझा एक कपडा ॲसिडच्या भोकाशिवाय नव्हता. थंडीत गाड्या उठायच्या नाहीत, तेव्हा हे पुढे हँडल मारायचे आणि मी आत बसून ॲक्सिलरेटर सांभाळायची. मी जास्त दाबला की ओरडायचे, कमी दाबला की ओरडायचे. पण माझ्याशिवाय एक गाडी सुरू करता यायची नाही त्यांना. आणि आता एकटे येतात, दीड तास लावतात, घरी जाऊन जेवताना गप्प बसतात.

बाई : वहिनी, तुमच्या मनात काय आहे ते कळतंय मला. मी छत्तीस वर्षं वर्गात काढली. कोण कशासाठी उभं राहिलंय ते चेहऱ्यावरून समजतं.

मिस्त्रीण : समजतं ना, मग बरंच झालं. हा डबा डिकीत ठेवते आणि निघते. अडलं की बटण दाबा. फोन करायचं कारण नाही. गाडी बंद करा जरा, धूर कोंडतोय इथे.

बाई : केली बंद.

मिस्त्रीण : हे काय? डिकी तर बंद आहे. मग ह्या फटीतून उजेड कसला?

बाई : कुठे? मला नाही दिसत.

मिस्त्रीण : वाकून बघा. आतला दिवा जळतोय. झाकण लागलं की हा विझायला हवा. बारीकसा दिवा असतो, पण पंधरा दिवस जळत राहिला तर कुठलीही भरलेली बॅटरी खाऊन टाकेल. हाच तुमचा रोग. शिकाऊ माणसालाही पाच मिनिटांत सापडावा असा. आणि ह्यांना सहा वर्षं सापडला नाही?

बाई : ते तर दर वेळी सगळी गाडी तपासतात. डिकीसुद्धा उघडतात.

मिस्त्रीण : टॉर्च द्या. हा गालिचा जरा धरा. दिव्याचं बटण इथे असतं, झाकणानं दाबलं जातं ते. त्याच्या दोन वायरी... थांबा.

(मिस्त्रीण टॉर्च जवळ नेते आणि वायरींवरून बोट फिरवते.)

बाई : वहिनी? तुटल्यात का?

मिस्त्रीण : तुटलेल्या नाहीत. एकमेकींना जोडल्यात. म्हणजे बटण दाबलं काय, न दाबलं काय, दिवा जळतच राहणार. वरून टेप गुंडाळलीय आणि टेपचं टोक दुमडून ठेवलंय.

बाई : त्याचं काय?

मिस्त्रीण : टेप सोडवताना माझी नखं तुटायची. म्हणून मी ह्यांना टोक दुमडायची सवय लावली. ह्या गावात दुसरा कुणी दुमडत नाही. आमचा मुलगाही नाही.

बाई : म्हणजे मिस्त्रींनीच मुद्दाम...

मिस्त्रीण : तुमच्याकडे यायला. आणि मी मूर्खासारखी तुम्हालाच दोष देत होते. बोलवणाऱ्या तुम्ही नव्हताच. बोलावणं हे स्वतःच पेरून जात होते.

बाई : माझ्याकडे यायला नव्हे वहिनी. ते कधी इथून पुढे घरात आले नाहीत. पाणी विचारलं तर इथेच उभ्यानं पितात. पेटी उघडतात, सगळी हत्यारं फडक्यावर ओळीनं मांडतात. स्टार्टर खोलतात, पुसतात, परत लावतात. मी शेजारी उभी राहून विचारते, ते सांगतात. आता कळतंय, त्यातलं काही करायची गरजच नव्हती.

मिस्त्रीण : हत्यारं तर दुकानात रोज मांडतात की. सकाळी जातात, दुपारी येतात.

बाई : दुकानात?

मिस्त्रीण : मग कुठे?

बाई : तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? मुलानं नवीन मशीन आणलं. ते गाडीला जोडलं की पडद्यावर बिघाड दिसतो. मुलगा म्हणाला, बाबा, गिऱ्हाइकांसमोर कान लावून इंजिन ऐकत बसू नका, हसतात. तेव्हापासून ते दुकानात जात नाहीत. बागेच्या बाकावर बसून घरी येतात. सहा वर्षं होऊन गेली.

मिस्त्रीण : हे तुम्हाला सांगितलं?

बाई : एकदाच. स्टार्टर पुसता पुसता.

मिस्त्रीण : मला नाही सांगितलं. चाळीस वर्षं एका ताटात जेवतोय आम्ही. मी विचारते, आज दुकानात गर्दी होती का, तर म्हणतात, होती बऱ्यापैकी. आणि खरं ते तुम्हाला.

बाई : परक्या माणसाला सांगणं सोपं असतं.

मिस्त्रीण : तुम्ही दुसरी बाई असता ना, तर मला कमी लागलं असतं. भांडले असते, केस ओढले असते तुमचे. ह्याचं काय करू मी?

बाई : मुलाशी बोला.

मिस्त्रीण : मुलाशी बोलेनच. पण मुलानं दया म्हणून खुर्ची दिली तर ते बसणार नाहीत. ओळखते मी. ह्यांना अडलेली गाडी लागते.

बाई : टेप परत का गुंडाळताय? सोडवली होती ना?

मिस्त्रीण : तुम्हाला गाडी रोज लागते का?

बाई : शनिवारी. बहिणीकडे जाते. ती अंथरुणाला खिळलीय, पण तास दोन तास उशीर झाला तर चालतो. बँकेचं, दवाखान्याचं काम असेल तर मात्र...

मिस्त्रीण : त्यासाठी हा डबा ठेवा. सीटखाली. डिकीत नको, तिथे त्यांचा हात जातो. खरंच अडलं तर वापरा. एरवी नाही. तुमची फसवणूक चाललीय हे मला मान्य आहे. तुम्ही नाही म्हणालात तर वायरी आत्ता सोडवते.

बाई : सोडवू नका. मला स्टार्टरचं अजून अर्धंच समजलंय.

मिस्त्रीण : राग नाही ना?

बाई : आहे थोडा. सहा वर्षं मी ह्या गाडीला शिव्या दिल्या. तुमचा गेला का?

मिस्त्रीण : माझा कशाला जाईल? तुमच्याशी बोलतात ते. बघा, टोक नीट दुमडलंय ना? त्यांना कळता कामा नये.

बाई : अगदी तसंच आहे. आता डबा लावून बहिणीकडे जाऊन येते. बॅटरी अर्धमेलीच आहे, रात्रभर दिवा जळला की सकाळी परत टकटक. उद्या नऊला फोन करू?

मिस्त्रीण : नऊ फार उशीर होतो. सातला करा. साडेसहापासून बूट घालून बसलेले असतात.