दुसऱ्या मजल्यावरचा धर्मेश

(बदलापूर. रविवारची दुपार, जेवणं नुकतीच उरकलीत. टेबलावर उष्टी ताटं, आणि शेजारी शीलाच्या एम.ए.च्या प्रोजेक्टची छापील पानं.)

सुदाम : आणि हा धर्मेश कोण?

शीला : कुठला?

सुदाम : पान उलटलं की धर्मेश. ‘धर्मेश जेवून ताट जागेवर टाकून उठतो.’ ‘धर्मेश पंख्याचं बटण दाबायलाही बायकोला हाक मारतो.’ कोण हा ऐतखाऊ? आपल्याच बिल्डिंगमधला दिसतोय.

शीला : दुसऱ्या मजल्यावर राहतो.

सुदाम : दुसऱ्या मजल्यावर तर आपण... शीला!

शीला : अहो, नाव बदलावं लागतं. नियम आहे तसा.

सुदाम : अंबरनाथच्या कंपनीत अख्खं खातं मला सुदामदादा म्हणायचं. रिटायर झालो तर तू माझा धर्मेश केलास? निदान राजरत्न तरी ठेवायचं. जरा वजन आहे नावाला.

शीला : राजरत्न ताट टाकून उठला, असं लिहायला जिवावर आलं.

सुदाम : पण मीच का? सगळं बदलापूर सोडून?

शीला : एम.ए.ला नुसते पेपर देऊन भागत नाही. समाजशास्त्र आहे ते, समाज बघून लिहावं लागतं. मग त्यावर तोंडी परीक्षा. मी विषय घेतला, रिटायर झालेले पुरुष घरात काय काम करतात. मॅडम म्हणाल्या, लांब जाऊ नका, जिथं राहता तिथंच बघा. मी बघितलं.

सुदाम : म्हणजे सहा महिने माझ्यावर पाळत?

शीला : पाळत नाही. सहभागी निरीक्षण.

सुदाम : कंपनीत त्याला पाळतच म्हणायचे. आणि मला न विचारता!

शीला : विचारलं होतं. ‘आपल्या घरावर लिहू का?’ तुम्ही पेपरातून डोकं न काढता म्हणालात, ‘लिही, लिही.’ आता तेवढी सही करा. ज्याच्यावर लिहिलं त्याची लेखी संमती लागते. उद्या जमा करायचंय.

सुदाम : आणि नाही केली तर?

शीला : तर प्रोजेक्ट नाही. प्रोजेक्ट नाही तर एम.ए. नाही. लग्नात सुटलेलं कॉलेज मी बालवाडी सांभाळून परत धरलंय, अहो. आता काठावर आणून बुडवू नका.

सुदाम : तुझं खरं गं. पण दर जयंतीला मी विहारात स्त्री-पुरुष समतेवर बोलतो. टाळ्या पडतात. उद्या हे कोणी वाचलं तर तोंड कुठं लपवू?

शीला : ते पण घेतलंय. पहिल्या प्रकरणात.

सुदाम : माझं भाषण?

शीला : भाषण, आणि भाषण देऊन घरी आल्यावर ‘चप्पल आत घे गं’ म्हणालात, ते.

सुदाम : नाही करणार सही!

शीला : पुढचं वाचा तरी. नंतर धर्मेश सुधारतो. आपणहून भांडी घासतो, नळ आला की पाणी भरतो. शेवटी मी लिहिलंय, सवड मिळाली की पुरुष मनापासून बदलतो. स्वतःच्या नवऱ्याबद्दल इतकं चांगलं छापून आणलंय कोणी?

सुदाम : हं. शीला, ते आपणहून जे आहे ना, ते जरा...

प्रीती : पप्पा, प्लीज! पुढचं नको!

शीला : प्रीती, तू कधी आलीस आतून? आणि तुझा चेहरा का उतरला?

सुदाम : सुनबाईनंच सांगितलं मला. ‘पप्पा, मम्मी तुमच्यावर लिहितायत, इज्जत सांभाळा.’ मग बसलो भांडी घासत.

शीला : म्हणजे मी बघतेय म्हणून?

सुदाम : साहेब फेरीवर आला की आम्ही मशीन पुसायचो. तसंच ते.

प्रीती : सॉरी ना मम्मी. दुकानात नोकरीवर दिवसभर उभं राहून यायचं, तर इकडे सिंक फुल. सोचा, तुमचा अभ्यास पण होईल, भांडी पण होतील.

शीला : वा गं शहाणे! तुझी भांडी झाली, माझा निष्कर्ष गेला. आता शेवटचं प्रकरण आजच परत लिहायला हवं. ‘कोणी बघत असेल तरच पुरुष काम करतो.’

सुदाम : म्हणजे मी ढोंगी ठरलो की तू पास?

शीला : मग खोटं लिहून पास होऊ?

सुदाम : खोटं नको. एवढ्या वर्षांनी शिकतेयस, त्यात खोटं नको. लिही, धर्मेश ढोंगी होता. आण पेन.

प्रीती : एक मिनट, एक मिनट. मम्मी, तुम्ही लेक्चरसाठी मुंबईला मावशींकडे राहिलात, तेव्हा मी आणि तुमचा विक्रांत वांगणीला होतो, माझ्या माहेरी. घरात पप्पा एकटेच. आम्ही परत आलो तर सिंक साफ, पिंप काठोकाठ.

शीला : हेही तूच पढवलंस?

प्रीती : आईशप्पथ नाही!

शीला : अहो, तेव्हा कोण बघत होतं तुम्हाला?

सुदाम : कोण बघणार? पाल असेल भिंतीवर.

शीला : मग का केलंत?

सुदाम : तू दमून येणार होतीस. येऊन परत पिंप भरत बसली असतीस. त्यात काय एवढं.

शीला : आणि हे मला सांगितलं का नाही?

सुदाम : तू विचारलंस कुठं? नुसती बघत होतीस.

प्रीती : मम्मी, डोळे पुसा. पानं भिजतील.

शीला : गप गं. अहो, कुठं निघालात? सही राहिली.

सुदाम : ही ताटं घासून टाकतो आधी. पडलीयत कधीची.

शीला : मग हे पण लिहिते. पिंपाचं आणि आजचं, दोन्ही.

सुदाम : लिही. पण तिथं धर्मेश नको. तिथं सुदाम लिही.

शीला : नाही चालत हो. नियम आहे.

सुदाम : मग राहू दे धर्मेश. तुला माहीत आहे ना कोण तो, बास.