नारळ आणि नवा हौदा

नव्या गाडीचा नारळ फुटताना मी लांब का उभी राहते, ते सांगते. पप्पांनी टोमॅटो वाहायला पिकअप घेतली. क्रेट घासून मागच्या हौद्याचा पत्रा गंजू नये म्हणून आतून काळं रबरी कोटिंग फवारून घ्यायचं होतं. निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बी.एस्सी. चुकलं असतं तर नव्या गाडीचं वाटोळं माझ्या नावावर.

द्वारका चौकातल्या कोटिंगच्या दुकानदाराने एक पातळ आणि एक जाड नमुना पुढे ठेवला आणि जाडावर हातोडा हाणला. मी किंचाळले. हातोडा उसळला, पण नमुना जसाच्या तसा.

"हेच द्या," मी म्हणाले, मुख्य म्हणजे त्याने पुन्हा हाणू नये म्हणून.

घरी पूजा झाली. माल जिथे भरायचा तिथेच नारळ फोडायचा, ही पप्पांची पद्धत. त्यांनी तो हौद्यात जोरात आपटला. नारळ उसळला आणि केबिनची मागची काच खळ्ळकन गेली.

मला रडूच यायला लागलं. पप्पांनी वाकून हौद्यावर बोट फिरवलं. "साधा ओरखडा नाही. चांगलं निवडलंस गं."

आई ताट घेऊन गाडीच्या पुढच्या बाजूला उभी होती. तिने तिथूनच विचारलं, "फुटला का हो?"

"नारळ सोडून सगळं," पप्पा म्हणाले.