तळवलीच्या समाजमंदिरात देशाचं कर्ज

धर्मराज : रविवारची सभा नाय होनार, मनू. मी भाऊंना तसा शब्द देऊन आलोय.

मनस्वी : माझ्या सभेचा शब्द तुम्ही दिलात, बाबा? मला न विचारता?

धर्मराज : नगरसेवक हायत ते. म्हनाले, तुझी पोरगी समाजमंदिरात सरकारविरुद्ध बोलनार हाय म्हनं.

मनस्वी : कुणाच्याच विरुद्ध नाही! कॉलेजचे आम्ही सहा जण. देशावर कर्ज किती, कशाला काढलं, फेडणार कोण, एवढंच सांगतो. मग खासदारांना पत्र, की इथे येऊन हिशोब समजावा. ऐरोलीच्या सोसायटीत झाली ना सभा, काही टेन्शन झालं नाही.

धर्मराज : सोसायटीवाल्यांची घरं कायद्यात बसतात. आपले वरचे दोन मजले बिनपरवान्याचे. त्यांच्या भाड्यावर तुझी फी भरतो मी.

मनस्वी : भाऊ तसं म्हणाले?

धर्मराज : म्हनाले नाय. घराकडं बघून हसले.

मनस्वी : ...ठीक आहे. आमच्यातल्या निखिलला फोन करते. रद्द.

धर्मराज : एवढ्यात मानलंस?

मनस्वी : घर तुम्ही आणि आईनं बांधलंय. ते पणाला लावणारी मी कोण?

धर्मराज : बस जरा. मना एक सांग, देशाला कर्ज देतो कोन? बाहेरचे?

मनस्वी : थोडंफार. बाकी इथलंच. बँका, विमा, पीएफ. आईचे पोस्टातले पैसेही फिरून सरकारकडेच जातात.

धर्मराज : म्हंजे तिचे बुडनार?

मनस्वी : नाही हो! कर्जातून पूल होतात, रेल्वे होते. पण व्याज फुगलं की शाळा-दवाखान्यांना कमी उरतं. आणि फेडणार आमची पिढी. म्हणून आत्ताच विचारायचं.

धर्मराज : शहर वसवायला सरकारनं आपली जमीन घेतली तवा मी सातवीला होतो. माझ्या बापानं, आबांनी, अंगठा दिला त्या कागदावर. मना वाचता येत होतं, मनू. वाचला मी, भाव कवडीचा होता. पन सगळे गप, म्हनून मीपन गप.

मनस्वी : हे कधी बोलला नाहीत.

धर्मराज : बोलन्यासारखं काय हाय त्यात. निखिलला फोन नको करू.

(रविवारी संध्याकाळी, समाजमंदिराच्या पायरीवर. सभा नुकतीच संपली आहे.)

मनस्वी : अकरा माणसं, बाबा. त्यात आम्हीच सहा.

धर्मराज : भाऊंचा मानूस धरून अकरा. सारखा फोटो काढत होता.

मनस्वी : तुम्ही उभे राहिलात तेव्हा वाटलं, बंद करा म्हणताय.

धर्मराज : नाय गो, विचारायला उठलो. प्रश्न बरोबर होता ना?

मनस्वी : ‘व्याज कुणाकुणाला मिळतं?’ एकदम बरोबर! निखिल दहा मिनिटं उत्तर देत होता! पण भाऊंना दिलेला शब्द?

धर्मराज : सकाळीच जाऊन परत घेतला. म्हटलं, पोरीला न विचारता दिला होता, चूक माझी.

मनस्वी : काय म्हणाले?

धर्मराज : चहा नाय पाजला.

मनस्वी : आणि वरचे मजले?

धर्मराज : गावात सगळ्यांचेच तसे हायत. बघू. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पुढची सभा कुठं?

मनस्वी : जुईनगर. तिथे ओळखीचं कुणीच नाही.

धर्मराज : मी येतो. मागं बसेन कुठंतरी.

मनस्वी : मागे नको, बाबा. मला दिसाल असे बसा.