मीटर नसलेलं घर

केराबाई : आदी एक फोन केला असता तर जोतिबाला घरीच ठिवला असता की. त्यो गेलाय वांगी घिऊन मैंदर्गीच्या बाजाराला.

प्रियंका : म्हणूनच फोन केला नाही, मावशी. सांगून आलो असतो तर तुम्ही सगळं आवरून ठेवलं असतं. मला रोजचं घर बघायचं होतं.

केराबाई : मग ह्ये घे, रोजचंच हाय. कोंबड्या सुदा रोजच्याच हायत. पावणं, घोंगड्यावर बसा. तू बी कुंद्रू. कुंद्रू म्हंजी बस. आमच्या शेजारी निम्मी कानडी, माज्या तोंडात त्येच येतंय.

बिरुदेव : बसतो. पण केराबाई, आधी स्पष्ट बोलतो, पुढं गैरसमज नको. जोतिराम सोलापूरला आमच्या घरी येऊन मुलगी बघून गेला. मुलगा चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही. तरी मी नकार कळवला आणि तो कायम आहे. आज आलोय ते हिच्या हट्टापायी.

केराबाई : कळलं की. नकार दिला म्हून पाणी पिऊ नये, असं काय न्हाय. घ्या.

प्रियंका : नकार तुम्ही दिलाय, बाबा. मी अजून दिलेला नाही.

बिरुदेव : शुक्रवार पेठेत आपल्या घरात नळ आहे, मीटर आहे, चार पायऱ्या उतरलं की दुकान. ते सोडून तू अशा घरात येणार, जिथं विजेची तार पोचलेली नाही?

केराबाई : तार पोचली हाय की, शिवप्पाच्या बांदापत्तूर. तितं आली अन् थांबली. लई वरसं आमी खांबाची वाट बगितली. जोतिबा तवा चिंचोळीला टावेलच्या कारखान्यात वायरमन हुता. दुसऱ्याचे दिवे लावायचा अन् घरी येऊन कंदील पुसायचा. एक दिस म्हनला, आये, खांब यायचा तवा यील, ऊन तर रोजच येतंय की. अन् नोकरी सोडून आला. ह्या वरच्या सोलरच्या प्लेटा जुन्याच हायत, कुणीतरी काडून टाकल्याल्या. त्यानं धुऊन पुसून बसवल्या.

बिरुदेव : म्हणजे सेकंडहँड.

केराबाई : व्हय. मी बी सेकंडहँडच हाय आता, पर चालतीय.

प्रियंका : त्यावर फ्रिज चालतो का, मावशी?

केराबाई : ल्हानगा हाय, त्यो चालतोय. जोंधळा दळायची चक्की हाय, ती दुपारच्याच चालवायची, ऊन कडक असतंय तवा. आभाळ आलं की चक्की बंद, टीवी बंद. दिवा अन् पंका तेवडा ऱ्हातोय. सवय लागतीय त्याची. म्या आता सकाळी उठलं की आदी आभाळ बगती, मग ठरिवती आज काय करायचं.

बिरुदेव : आणि आठ-आठ दिवस झड लागली तर?

केराबाई : हितं? पावणं, आमच्या हितं आट दिस झड लागली तर म्या गावात पेढं वाटीन.

प्रियंका : हसलात, बाबा.

बिरुदेव : हसलो नाही. ठसका लागला.

केराबाई : चला, उटा, बसून काय बगणार. ही मोरी. हितलं आंगुळीचं पाणी ह्या चरातनं केळीला जातंय. भांड्याचं पाणी अळूला. पावसाचं पत्र्यावरचं पाणी सगळं त्या हौदात. हौदावर झाकण हाय, वाकू नगं. ह्यो पावटा, ही वांगी, मेथी, त्यो शेवगा. कडंला लसूण. ती म्हस दिसतीय न्हवं, तिच्या शेणावर सैपाकाचा ग्यास.

प्रियंका : आणि दुकानातून काय आणता?

केराबाई : मीठ, चापत्ती, काडेपेटी. सणाला रवा. जोतिबानं सांगितलं न्हाय व्हय तुला?

प्रियंका : त्यांनी भलतंच सांगितलं. आमच्याकडं आजवर जी मुलं आली ती घरात काय काय आहे तेच सांगत होती. एसी आहे, कार आहे, पुण्यात फ्लॅट बुक केलाय. हे एकटेच, काय नाही ते सांगत बसले. गीझर नाही. पावसाळ्यात रस्ता नाही. ढग आले की मिक्सर नाही. पोह्याची बशी हातात तशीच.

केराबाई : येडं हाय ते. म्या बजावून धाडलं हुतं, इचारल्याबिगर तोंड उघडू नगं म्हून.

प्रियंका : मला बरं वाटलं ते. पण एक विचारायचंय. मी लॅबमध्ये काम करते, रक्त तपासायचं. ते मी सोडणार नाही. अक्कलकोटला मिळेल मला काम, चौकशी केलीय.

केराबाई : मग जा की. म्या काय शेरडं राखाय सून मागतीय व्हय? शेरडं हायत, म्या हाय. तू तुजी स्कुटी घिऊन जायाचं, यायाचं. स्कुटी बॅटरीची घी म्हंजी झालं. जोतिबा उनावर भरून दील.

बिरुदेव : तुमचं दोघींचं ठरलंच म्हणायचं. प्रियंका, हे सगळं बघायला गमतीचं वाटतं. सहलीला आल्यासारखं. मी यातून आलोय. मंगळवेढ्याकडच्या माळावर वाढलोय. दिवा नाही, पाणी नाही. माझी आई ओल्या काटक्या फुंकून फुंकून...

प्रियंका : आजी काय, बाबा? तुम्ही नेहमी इथपर्यंत येऊन थांबता.

केराबाई : थांबा जरा. ती चंद्री वराडतीय. आयकलं का? तिचा आवाज बदलला.

प्रियंका : चंद्री कोण?

केराबाई : शेळी. गाबण हाय. सकाळपासनं अंग टाकत हुती, म्हनलं सांजच्याला व्याईल. पहिलंच हाय तिचं. या, गोठ्यात या.

बिरुदेव : कधीपासून कळा देतेय ही?

केराबाई : तुमी यायच्या आदीपासनं. ह्ये काम जोतिबाच करतोय. मागल्या साली म्या पडली, तवापासनं माजी मूठ वळत न्हाय. बगा की, बोटं अशीच ऱ्हात्यात.

प्रियंका : डॉक्टरांचा नंबर द्या, मी फोन लावते... हॅलो... हो, मैंदर्गीच्या अलीकडं, शिवप्पांच्या शेताला लागून... बरं. मावशी, ते दुसऱ्या गावात गायीजवळ आहेत. तिथलं झालं की निघतो म्हणाले. तास तरी लागेल.

बिरुदेव : तासभर टिकायची नाही. बाजूला व्हा, बघू दे. एक खूर बाहेर आहे आणि नाक दिसतंय. दुसरा पाय मागं दुमडलाय. म्हणून अडलंय.

केराबाई : मग तुमीच घाला की हात, पावणं. तुमी बी धनगराचं.

बिरुदेव : माझा पंजा बघा. एवढ्याशा शेळीत जाईल का हा? फाटेल ती. प्रियंका, अंगठी काढ. बांगड्या काढ.

प्रियंका : मी? बाबा, मी शेळीला आजवर हातसुद्धा लावलेला नाही.

बिरुदेव : रोज माणसाच्या शिरेत सुई घालतेस. तुझा हात थरथरत नाही आणि लहान आहे. मी सांगतो तसं कर. केराबाई, चूल पेटवा, गरम पाणी पाहिजे. साबण आणि गोडंतेल.

केराबाई : चूल कशाला? त्यो नळ सोडा, तुमच्या मागंच हाय. वर पत्र्यावर काळा डबा हाय उनात, त्याचं पाणी. जपून, पोळंल.

बिरुदेव : गोठ्यात गरम पाण्याचा नळ?

केराबाई : व्हय. अन् त्ये बटन दाबा, उजेड पडंल.

प्रियंका : हात धुतले. तेल लावलं. आता?

बिरुदेव : बोटं चोचीसारखी एकत्र धर. ती कळ देईल तेव्हा थांबायचं, सोडेल तेव्हा आत जायचं. हां. डोक्याच्या बाजूनं, खाली. काय लागतंय?

प्रियंका : गरम आहे... मऊ. आता कडक काहीतरी. गुडघा असेल.

बिरुदेव : त्योच. डोस्कं जरा मागं रेट. हळू. आता गुडघ्यावरनं खाली जा, खूर हुडीक. सापडला?

प्रियंका : सापडला.

बिरुदेव : त्यो खूर तुज्या तळहातात झाक. झाकल्याबिगर वडू नगं, आतनं फाटंल तिला. झाकला? आता वड. आपल्याकडं. केराबाई, चंद्रीचं मुंडकं धरा.

केराबाई : धरलंय, माजे आई, जरा कळ काड, झालंच बग.

प्रियंका : आला. आला, बाबा, दोन्ही पाय आले.

बिरुदेव : आता तिच्या कळंच्या बरूबर वड. खालच्या अंगाला. वर न्हाय, खाली. हां... हां... सोडू नगं...

प्रियंका : बाबा, ते हलत नाहीये.

बिरुदेव : नाक पूस. तोंडातलं बोटानं काड. गवताची काडी घी, नाकात घाल. घाल की, भिऊ नगं. पोतं कुटं हाय? द्या हिकडं, म्या रगडतो. ऊट गं बाये. ऊट. ऊट.

प्रियंका : शिंकलं. बाबा, शिंकलं ते.

केराबाई : पाट हाय, बाईमाणूस. कपाळाला चांदणी बगा की. आईवर गेली.

बिरुदेव : थांबा, मुंडकं सोडू नगा. आनिक एक हाय पोटात. पर त्ये आपलं आपण यील, वाट मोकळी झालीया. बगा... आलंच. बोकड. ही जोडी ठिवा आईच्या फुडं, चाटू द्या तिला.

प्रियंका : नाळेला लावायला आयोडीन आहे का, आत्या?

केराबाई : मावशीची आत्या झाली व्हय माजी? हाय की, त्या फळीवर, निळ्या झाकणाची बाटली. तूच लाव.

प्रियंका : बाबा, हे सगळं तुम्हाला येतं? मला एवढी वर्षं कधी बोलला नाहीत.

बिरुदेव : काय सांगायचं त्यात. माझ्या बापानं असाच माझा हात घातला होता, मी लहान असताना. शेरडं थंडीतच वितात, आणि बहुतेक पहाटेच्या गारठ्यात. आई ओल्या काटक्या फुंकत बसायची पाणी तापवायला. डोळ्यात धूर, छातीत धूर. पाणी तापेपर्यंत करडू गार पडलेलं असायचं. पुढं तिच्या छातीतला खोकला गेलाच नाही. ती गेली तेव्हा मी ठरवलं, माझ्या घरातली एकही बाई धुरात बसणार नाही. म्हणून शिकलो, म्हणून सोलापूर गाठलं.

केराबाई : चांगलं केलं तुमी. म्या बी खोकलीया त्या धुरात, बक्कळ वरसं. सैपाकघरात जाऊन बगा. म्या सांगत न्हाय, तुमीच बगा.

*(बिरुदेव आत जाऊन येतात.)*

बिरुदेव : शेगडीमागची भिंत पांढरी आहे. चुना कधी लावलात?

केराबाई : दिवाळीला. तवापासनं हात बी लावला न्हाय.

बिरुदेव : बोट फिरवून बघितलं मी. काजळी नाही.

केराबाई : कुटनं यील? शेणाच्या ग्यासला धूर न्हाय. आता जेवल्याबिगर सोडणार न्हाय तुमाला. भाकरी अन् पावट्याची आमटी, वांग्याचं भरीत. शेंगाची चटणी हायच. वाफ्यातनं कांद्याची पात कोण आणतंय?

प्रियंका : मी आणते. आधी हात धुते, कोपरापर्यंत शेळी झालेय.

बिरुदेव : मी आणतो पात. तू बस त्या करडांजवळ, लहानगं अजून थरथरतंय. केराबाई, पात मुळासकट उपटू का कापून आणू?

केराबाई : कापा. कांदा ऱ्हाऊ द्या जमिनीत, पुन्ना पात यील. विळा खांबाला आडकिवलाय.

प्रियंका : आत्या, बाबा पालक आणि मेथीतसुद्धा घोटाळा करतात. दुसरंच काहीतरी कापून आणतील.

केराबाई : आणू दी. जे आणतील त्येच खायाचं. अगं, त्यो फोन वाजतोय बग माजा, जोतिबाचा असंल. माजे हात पिठात. घी की.

प्रियंका : माझे अजून शेळीत. बाबा, पात राहू दे, आधी फोन घ्या, फळीवर आहे.

बिरुदेव : मी? बरं, घेतो... हॅलो... न्हाय, आई भाकरी थापत्यात. म्या बोलतोय, बिरुदेव... व्हय, सोलापूरचा बिरुदेव... न्हाय, न्हाय, घाबरू नगा, सगळं बेस हाय. चंद्री व्याली. पाट अन् बोकड, दोनी उबी ऱ्हायली... म्या न्हाय केलं, प्रियंकानं केलं... व्हय, तिनंच... वांगी किती ऱ्हायली अजून? मग इकून या की निवांत. घाई करू नगा. आमी हाय हितं.