कवायत मास्तरांचा आवाज

— होईल हो, आजच होईल, काळजी नको, नळीत मळ अडकलाय आणि आतली एक तार निसटलीय, पाऊण तासात कानात घालून देतो — पण मी हे सांगतोय कुणाला? मशीन इथे माझ्या चिमट्यात, तुम्ही तिथे बाकावर, तुम्हाला काय ढेकळं ऐकू येणार! बसा निवांत. खरं सांगू ताई, तुमच्यासारखीच गिऱ्हाइकं मला आवडतात. मशीन उघडलं की मी बोलत सुटायचं आणि समोरच्यानं भिंतीकडे बघत बसायचं — कटकट नाही, उलट प्रश्न नाही. घरी ही सोय नाही. घरी सगळ्यांचे कान ठणठणीत, तरी माझं ऐकत कुणी नाही, तो भाग वेगळा.

तो आत्ता तावातावानं गेला ना, तो शेजारचा घड्याळजी. सकाळपासून तिसरी फेरी. चौकशी समिती बसल्यापासून त्याच्या घड्याळांना कोणी विचारत नाही, पण हा गावाला वेळ सांगत फिरतो — चौकात काय किती वाजता झालं, कोण कुठे उभं होतं. एकतीस वर्षं सगळे गप्प होते. पकडलेल्या पोरांना सोडा म्हणून लोक चौकात बसले, पोलीस आले, चेंगराचेंगरी झाली, सदतीस माणसं मेली — सरकारी फिल्ममध्ये दाखवलं तेवढंच खरं. गोळी सुटलीच नव्हती म्हणे, प्रेतं मात्र घरच्यांना दाखवलीसुद्धा नाहीत. आता सरकार बदललं, समिती बसली आणि अख्ख्या गावाची स्मरणशक्ती एकदम तरुण झाली. गोळी आधी की पळापळ आधी यावर भांडतात, एकमेकांच्या उरावर बसतात — पण एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. कवायत मास्तर 'पळा, पळा' ओरडले, म्हणून लोक उधळले, म्हणून माणसं पायाखाली गेली. हे सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलंय. हा घड्याळजी तर म्हणतो, मास्तर माझ्यापासून दहा हातांवर होते, आवाज अजून कानात घुमतो. छाती ठोकून सांगतो. मी म्हणतो, असेल बाबा.

काय सांगणार त्याला? की बाबा रे, तुझ्या कानात घुमतोय तो माझा आवाज आहे म्हणून?

हो, माझा. हा असा फाटका, आता दम्यानं खाल्लेला, पण माझा. आणि चौकात नाही — तीन आठवड्यांनी, माहिती खात्याच्या तळघरात, भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून, बादलीत तोंड घालून. लादी पुसायची बादली, ताई! चौकात आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत येतो ना, तो परिणाम हवा होता. फिनेलच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. पुढे लोक म्हणायचे, काय कळवळून ओरडलेत हो मास्तर. कळवळा कसला, फिनेल!

तेव्हा मी खात्यात ध्वनीचा माणूस. व्हायचं होतं नट. पण तोंड हे असं, बघताय ना, देवानं घाईत उरकलेलं. आरशानंसुद्धा मला कधी दुसऱ्यांदा बोलावलं नाही. मग आवाजाच्या खोलीत शिरलो. मुलांच्या कार्यक्रमात कुत्रा मी, करकरणारं दार मी, वादळ मी. एकदा मंत्र्यांच्या भाषणाला टाळ्या कमी पडल्या, तेव्हा चारशे माणसांच्या टाळ्यासुद्धा मीच — दोन हात आणि एक ब्लेड, फितीचा तुकडा कापायचा, चिकटपट्टीनं पुन्हापुन्हा जोडायचा. आणि इतकं सगळं करून माझी सगळ्यांत गाजलेली भूमिका कुठली, तर दोन शब्दांची — तेही एकच शब्द दोनदा. सगळ्या देशानं ऐकली. नाव कुठे आलं नाही. देव पावला म्हणायचं.

आमच्या साहेबांना आम्ही कात्रीसाहेब म्हणायचो. ते स्वतः ती मूळ फीत घेऊन खाली आले होते. खात्याचाच कॅमेरा होता चौकात, आवाज स्वच्छ आला होता — माझ्याच हाताखालच्या माणसानं घेतलेला, काम चोख, काय करणार! म्हणाले, ऐक. ऐकलं मी. गर्दीची गुणगुण. मग मास्तरांची शिट्टी — दोन छोट्या. मग मास्तर — बसा. खाली बसा रे सगळे, कुणी उठू नका. शांत आवाज, ताई, अगदी वर्गात सांगतात तसा. त्यांच्याच शाळेतली पोरं पकडली होती, म्हणून आले होते ते तिथे. मग पुन्हा — बसा. आणि त्या शेवटच्या 'बसा'च्या मधोमध गोळी. म्हणजे 'ब' आहे, 'सा' नाही. मग पुष्कळ गोळ्या. त्यानंतर मास्तरांचा आवाज नाही. सदतिसांतले पहिले ते.

काय झालं? थंडी वाजते? रुमाल सुटला वाटतं डोक्याचा. थांबा, दार लोटून घेतो. हां. बांधा पुन्हा.

तर कात्रीसाहेब म्हणाले, गोळ्या काढ, ते 'बसा' काढ आणि तिथे 'पळा' घाल. मी म्हटलं, कुणाच्या आवाजात? म्हणाले, मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही, तुझ्या आवाजात घाल. आणि ताई, आता खरी लाज वाटायची गोष्ट सांगतो — मला घाबरायला हवं होतं ना? रडायला हवं होतं? मला आनंद झाला हो! शेवटी मला माणसाची भूमिका मिळाली म्हणून! कुत्रा नाही, दार नाही, माणूस! सात वेळा म्हणून बघितलं. पाचव्या वेळचं घेतलं. कात्रीसाहेबांनी पाठ थोपटली. मी घरी जाऊन दोन वाट्या भात जास्त खाल्ला. माझ्या तोंडाला कुणी शेण फासलं असतं तरी चाललं असतं, पण तसं कुणी करत नाही, त्याला आधी ठाऊक असावं लागतं.

आणि त्या कामात मी एक घोळ घातला, तोही ऐका — म्हणजे ऐकू नका. शिट्टी मी तशीच ठेवली. म्हटलं शिट्टीत काय आहे, खरी आहे, राहू दे, त्यानं माझं 'पळा' खरं वाटेल. मी दुसऱ्या शाळेचा ना! पुढे ती फिल्म प्रत्येक थिएटरात सिनेमाआधी दाखवायला लागले. मी गेलो बघायला — गेलोच, नट ना मी, माझी भूमिका लागली होती! आणि काय बघतो, शिट्टीच्या दोन छोट्या फुंका आल्या आणि भिंतीकडेला जागा शोधत उभे असलेले पाच-सहा लोक खट्‌कन खाली बसले. जमिनीवर! मग इकडेतिकडे बघून, ओशाळून उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, दुसरी माणसं. मी तिकिटं फाडणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मास्तरांच्या हाताखालून गेलेली पोरं ती. त्यांची एक लांब शिट्टी म्हणजे धावा, दोन छोट्या म्हणजे बसा. दहा-दहा वर्षं मैदानात केलंय, अंगात मुरलंय. म्हणजे बघा — गुडघ्यांना खरं कळत होतं आणि त्याच माणसांचे कान माझं ऐकत होते. एकतीस वर्षांत ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही. खात्याच्या तर नाहीच नाही. त्या फिल्ममध्ये अजून ती शिट्टी आहे. समितीसमोर नुसती वाजवली आणि मास्तरांचे जुने विद्यार्थी बोलावले, तरी झालं काम.

मग जा की समितीकडे, म्हणाल तुम्ही. ऐकू येत असतं तर म्हणाला असतात. उद्या शेवटचा दिवस साक्षींचा, मला ठाऊक आहे. दोनदा गेलो होतो त्या रस्त्यानं. एकदा समोरच्या दुकानातून विनाकारण खिळे घेऊन आलो, एकदा गोंद. अर्धा किलो खिळे आहेत माझ्याकडे, हवे असतील तर सांगा. भीती वाटते — तुरुंगाची नाही, तिथे निदान दोन वेळचं आयतं मिळेल. बायकोची. आमची ही त्या दिवशी चौकात होती, तेव्हा लग्न नव्हतं झालं आमचं. ती सांगते, मास्तर पळा म्हणाले म्हणून मी पळाले, म्हणून वाचले. त्या आवाजाचे माझ्यावर उपकार आहेत म्हणते. लग्नाला तीस वर्षं झाली, त्याच आवाजानं मी रोज चहा मागतो, तर म्हणते, जरा हळू बोला, डोकं दुखतं. तिला काय सांगू? तू घाबरून पळालीस, तुला कोणी पळ म्हणालं नव्हतं? तिच्या जिवाची गोष्टच काढून घेऊ?

तर असा मी. काम झालं तुमचं. आणा कान. जरा रुमाल मागे घ्या — मशीन घालतो, असा, हातानं दाखवतो — रुमाल — मागे. हां. कसं वाटतं? एक, दोन, ती—

हे काय? या दुसऱ्या कानात हे काय आहे?

दोन मशीनं वापरता? दोन्ही कानांत? आणि हे — हा बारीक दिवा लागलाय याचा. हे चालू होतं? मघापासून?

बावीस वर्षं हा धंदा करतोय मी. आल्या माणसाचे दोन्ही कान तपासायचे, हा पहिला धडा. बोलायच्या नादात मी... शाबास रे गाढवा.

ताई, बघा, म्हाताऱ्या माणसाची बडबड असते, मनावर घेऊ नका, मी मुलांच्या कार्यक्रमात कामं करायचो, रचून सांगायची सवय — काय? कुणाच्या? कवायत मास्तरांच्या तुम्ही कोण?

बायको.

पाणी देऊ? मीच पितो. बसा ना. नाही, बसू नका — म्हणजे तुम्हाला हवं ते करा.

काय म्हणता? खोटं? कोण, मी? अहो, आत्ता मीच म्हटलं ना रचून सांगतो म्हणून, ते खोटं होतं, आधीचं सगळं खरं आहे. नाही, ताई, तो तुमच्या यजमानांचा आवाज नव्हता. तुम्ही फिल्म बघून ओळखलात? बावीस वर्षांच्या संसाराचा आवाज मला कळत नाही का, म्हणता — तुम्ही चौकात नव्हता, घरी होता, पहिल्यांदा ऐकलात तो फिल्ममध्ये, तीन आठवड्यांच्या रडण्यानंतर. कुणीही ओळखला असता. एखादं मांजर ओरडलं असतं तरी तुम्हाला त्यांचंच वाटलं असतं. हा कागद कसला? उद्याचा? वाचू?

'माझे पती मनानं वाईट नव्हते. त्या क्षणी ते घाबरले. त्यांच्या एका शब्दामुळे ज्या छत्तीस घरांचं माणूस गेलं, त्या सगळ्यांची मी त्यांच्या वतीनं हात जोडून...'

नाही. नाही ताई, हे नाही वाचायचं उद्या. म्हणून मशीन आजच हवं होतं? माफी मागायला? तुम्ही? एकतीस वर्षं तुम्ही मास्तरांना — घाबरट समजून — आणि मुलांनाही तेच सांगितलंत? माफ केलंत त्यांना? कशाबद्दल माफ केलंत हो, ते मधोमध बसून राहिले होते! दुसरा कुणी असता तर उठून पळाला असता, तेव्हा तो एक माणूस बसा म्हणत होता! मी सांगतोय ना! मी ऐकलंय, या ब्लेडच्या हातानं कापलंय!

नाही पटत. माझं खोटं कुणाला पटलं नाही असं आयुष्यात कधी झालं नाही, आणि आज खरं सांगतोय तर तुम्ही मान हलवताय.

बरं. थांबा. म्हणून दाखवतो. बादली नाही, हाताची ओंजळ चालेल. दमा आहे, तरी येईल, ही गोष्ट विसरायची नाही घशाला. तुम्ही डोळे मिटा. मिटलेत? तेव्हा पाचव्यांदा जसं म्हटलं होतं तसंच—

पळा! पळा!

...

आलं ना? तसंच आलं. खोकला नंतर आला, तो सोडून द्या. ताई? — कोण? घड्याळजी, तू काय धावत आलास? काय झालं? कुणाचा आवाज? मास्तरांचा? अरे, मास्तर कुठले इथे. असा पांढरा काय पडलास, दाराला धर. मी ओरडलो. मीच. आत्ता मी, आणि तेव्हाही मी. कळलं तुला? तुला कळलं, त्यांना विचार — ताई, तुम्हाला कळलं ना? मी येतो उद्या. सकाळी दहाला, तुमच्या आधी जाऊन उभा राहतो, तिथेही ओरडून दाखवतो, शिट्टीचं सांगतो, पुढे काय व्हायचं ते होवो. पण तो कागद फाडा तेवढा. ताई, डोळे उघडा.

हे काय करताय? अहो, आत्ताच तर नीट केलं मी ते. कानातून का काढताय? दोन्ही? दोन्ही कशाला? इथे टेबलावर नका ठेवू, उद्या लागतील तुम्हाला, लोक विचारतील, उत्तरं द्यावी लागतील — ताई, इकडे बघा. माझ्याकडे बघा, हळू म्हणतो मी, ते कसे म्हणाले ते तरी ऐका, ते मी तसंच सांगू शकतो. ताई, अहो ताई—