उत्तरेच्या सात फटी

(नव्या प्रार्थनाघराचा हॉल, हिवाळ्यातली सकाळ. चाचणी म्हणून घेतलेली पहिली प्रार्थना आटोपून माणसं नुकतीच गेली आहेत. आर्किटेक्टच्या काखेत कुबडी, अध्यक्षांच्या हातात कागद, मिस्त्री शिडीपाशी.)

आर्किटेक्ट : मध्ये बोलू नका काका, तुमचा फायदा मला नीट मोजू द्या. माझ्या नकाशात दार दक्षिणेला होतं, गल्लीत. प्रार्थना संपली की तीनशे माणसं गल्लीतून गुपचूप आपापल्या घरी गेली असती. आता दार उत्तरेला, आणि समोर कोण? तुमचा बंगला. तुम्ही व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचं, आणि बाहेर पडल्या पडल्या प्रत्येकाने पहिला नमस्कार तुम्हाला करायचा. आठवड्याला तीनशे. वर्षाचे झाले पंधरा हजार सहाशे. देवालासुद्धा एवढे मिळायचे नाहीत, आत काहीजण डुलक्या घेतात.

अध्यक्ष : अगं पोरी, या वयात मी नमस्काराला भुकेला आहे का? मोठा रस्ता त्या बाजूला, म्हणून दार त्या बाजूला. गाडी थेट दाराशी येते. लोकांची सोय बघायची का तुझी रेघ?

आर्किटेक्ट : नुसतं दार फिरवलं असतंत तर भांडून गप्प बसले असते. तुम्ही अख्खा नकाशा पालथा घातलात! ट्रेसिंग पेपर उलटा धरलात आणि म्हणालात, बांधा.

अध्यक्ष : मग त्यात गेलं काय? तूच काढलेला हॉल आहे. वरच्या फटीसारख्या खिडक्या तू सात सांगितल्यास, सात आहेत. एक तरी कमी केली का? मोज.

आर्किटेक्ट : मोजल्या. उत्तरेच्या सात फटी दक्षिणेला आहेत.

अध्यक्ष : उजेड तो उजेड. इकडून आला काय आणि तिकडून आला काय.

आर्किटेक्ट : उत्तरेकडून नुसतं आभाळ आत येतं, काका. सूर्य येत नाही. दिवसभर एकसारखा, मऊ उजेड, डोळ्यांना न टोचणारा. तो खाली बाकांपर्यंत पोचावा म्हणून त्या फटींना आतून मी उतार दिला. आता त्याच उतारावरून ऊन घसरगुंडीसारखं खाली येतंय, थेट बाकांवर. आज पाहिलंत ना? दुसऱ्या रांगेतल्या आजीबाईंनी छत्री उघडली. प्रार्थना चालू असताना, छपराखाली, छत्री!

अध्यक्ष : त्या बाई मुळातच जरा नाटकी आहेत.

आर्किटेक्ट : आणि बाकीचे? सगळ्यांनी प्रार्थनेची पुस्तकं डोक्यावर धरली होती. वाचायची पुस्तकं! जागा ठरवताना याच माणसांनी मला काय सांगितलं होतं, आठवतंय? तुमच्यासमोर सांगितलं. म्हणाले, जुन्या खोलीत अंधार आहे, दिवा लावला तर चकाकतं, मोतीबिंदूच्या डोळ्यांना अक्षरं लागत नाहीत. आम्हाला फक्त पुस्तक वाचता येऊ दे. संगमरवर कुणी मागितला नव्हता. कळसही नाही. एवढी एकच मागणी.

अध्यक्ष : थंडीचे चार महिने ऊन खाली असतं. उन्हाळ्यात वर जाईल, आपोआप थांबेल. थंडीत म्हाताऱ्या हाडांना ऊन बरंच की.

आर्किटेक्ट : एवढं बरं आहे, तर मग तुमच्या घरची माणसं त्या बाकांवर का नव्हती? म्हाताऱ्यांचे बाक मी दाराजवळ काढले होते, त्यांना कमी चालावं लागावं म्हणून. नकाशा पालथा केलात तरी बाक दाराजवळच यायला हवे होते. आज दाराजवळ तुमच्या सूनबाई, तुमचे व्याही, तुमचे व्याह्यांचे व्याही. आणि म्हातारे पार पलीकडे, भट्टीत.

अध्यक्ष : पहिल्या दिवशी पाहुण्यांना जागा द्यावी लागते. तू फार चिडलीस. पाय मोडल्यापासून तुझा स्वभाव असा झालाय, तुझे वडीलही काळजीत आहेत. बस जरा. मिस्त्री, स्टूल द्या.

मिस्त्री : हे घ्या ताई.

आर्किटेक्ट : नको. उभी राहूनच बोलते.

अध्यक्ष : बरं, मग एक मीही मोजतो. तू चार महिने पलंगावर होतीस. मी तुला फोटो किती पाठवले? अकरा. आणि सातही फटींच्या फोटोवर तू काय लिहिलंस? वाचून दाखवू? "अगदी मनासारखं झालंय." हे बघ, तुझेच शब्द.

आर्किटेक्ट : ...ढगाळ दिवस होता तो.

अध्यक्ष : असेना का.

आर्किटेक्ट : ढग असले की चारी दिशांचा उजेड सारखाच दिसतो. सावली नव्हती कुठे. मी सावली शोधायला हवी होती. शाळेतल्या पोरानेही आधी विचारलं असतं, एवढा एकसारखा उजेड आला कुठून. मी पलंगावर पडून फोटो बघत होते आणि मनात म्हणत होते, वा, काय जमलंय मला. ती चूक माझी. ती मी नाकारत नाही.

अध्यक्ष : झालं तर मग. चूक सगळ्यांचीच थोडी थोडी. आता पुढचं बघू. परवा उद्घाटन आहे, चारशे पत्रिका गेल्यात, आणि पूर्णत्वाचा दाखला तुझ्या सहीवाचून मिळत नाही. हा सुधारित नकाशा. इथे सही कर, तारीख मात्र चार महिन्यांपूर्वीची टाक.

आर्किटेक्ट : बघू. "सदर बदल आर्किटेक्ट यांच्या सूचनेनुसार करण्यात आला." माझ्या सूचनेनुसार!

अध्यक्ष : कागदाची भाषा असते ती.

आर्किटेक्ट : म्हणजे उद्या कुणी विचारलं, हे ऊन कुणी बोलावलं, तर उत्तर माझ्या नावाचं? दार तुमचं, नमस्कार तुमचे, आणि छत्री तेवढी माझी? मी सही करणार नाही.

अध्यक्ष : नको करूस. माझ्याकडे दुसरा कागदही तयार आहे. त्यात लिहिलंय की नकाशा बरोबर होता, मिस्त्रींनी वाचताना घोळ केला. उलटा धरून बांधला. अडाणी माणूस, होतं असं. मग तुझ्यावर काही नाही, माझ्यावरही काही नाही.

मिस्त्री : साहेब?

अध्यक्ष : तुम्ही थांबा हो. नुसतं लिहायचं आहे, तुम्हाला कोण फासावर देतंय? आणि मागे बांधायच्या शाळेच्या इमारतीचं आपलं बोलणं झालंय, लक्षात आहे ना? दोन वर्षांचं काम आहे.

आर्किटेक्ट : अच्छा! म्हणजे तोंडाला कुलूप आधीच घालून ठेवलंय. मिस्त्री, मला खरं सांगा, तुम्ही विचारलं नाहीत? वीस वर्षं नकाशे वाचताय. उत्तरेचा बाण उलटा दिसला नाही तुम्हाला?

मिस्त्री : दिसला ताई. विचारलं. साहेब म्हणाले, बाईंशी फोनवर बोलणं झालंय, त्यांना पसंत आहे.

आर्किटेक्ट : मला एक फोन करायचात.

मिस्त्री : दोनदा केला. एकदा तुमच्या आईंनी उचलला, म्हणाल्या ऑपरेशन आहे आज. मग धीर नाही झाला. पण ताई, अडाणी म्हणून लिहिणार असतील तर मी ऐकून घेणार नाही. त्या सात फटींचा लाकडी फर्मा, साचा हो, मी घरी बसून स्वतः केला. सातही उतार एका फर्म्यातून काढलेत. लावून बघा, एक सूत फरक निघाला तर बोटं कापून देतो. जे सांगितलं ते तंतोतंत बांधलंय मी. चुकीचं सांगितलं, तेही तंतोतंत बांधलं.

अध्यक्ष : मिस्त्री, शब्द जपून.

मिस्त्री : वीस वर्षं जपलेच की साहेब. म्हणून शब्दांवर विसंबत नाही. भिंत उभी राहिली की कोण काय म्हणालं होतं ते कुणालाच आठवत नाही. त्या दिवशी ट्रेसिंग उलटं करून तुम्ही म्हणालात ना, असं बांधा? मी म्हणालो, साहेब, एवढं पेन्सिलीने लिहून द्या, गवंड्यांना दाखवायला बरं पडेल.

अध्यक्ष : मी असलं काही लिहिलेलं नाही.

मिस्त्री : पेन्सिल सापडेना म्हणून तुम्ही खिशातलं पेन काढलंत. "दार रस्त्याकडे. असेच बांधणे." खाली सही, तारीख. सिमेंटच्या कोठीत आहे, पत्र्याच्या डब्यात. आणू?

आर्किटेक्ट : आणा.

अध्यक्ष : थांबा! कशाला आणता? मी नाही कुठे म्हणतोय? लिहिलं असेन घाईघाईत.

आर्किटेक्ट : आज पाचला कार्यकारिणीची बैठक आहे ना, काका? खजिनदार येणार असतील. त्यांना तुमची खुर्ची हवीय, अशा एखाद्या सहीची ते वाटच बघत असतात म्हणे.

अध्यक्ष : तू मला धमकी देतेस? तुला पहिलं काम कुणी दिलं? कॉलेजातून बाहेर पडलीस तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं तुला. मी म्हणालो, मित्राची मुलगी आहे, हिलाच द्या.

आर्किटेक्ट : दिलंत. आणि मला वाटलं होतं, ते माझ्या कामासाठी दिलंत. आज कळलं, घरातली पोर आहे, मान हलवेल, म्हणून दिलंत.

अध्यक्ष : काय हवंय तुला? हॉल पाडू?

आर्किटेक्ट : दक्षिणेच्या सात फटी बुजवायच्या. उत्तरेच्या भिंतीत, दाराच्या वर, सात फोडायच्या. फर्मा आहे, माणूस आहे. मिस्त्री, किती दिवस?

मिस्त्री : महिना. भिंत भक्कम आहे, वरची तुळईही तशीच आहे. एकच अडचण.

आर्किटेक्ट : ती मला दिसतेय.

अध्यक्ष : नाही. त्याला हात लावायचा नाही. माझ्या वडिलांचं नाव आहे ते.

आर्किटेक्ट : बाहेरून दाराच्या वर अठ्ठावीस फूट लांब नाव, काका. चार फूट उंच अक्षरं. नेमकी जिथून आभाळ आत यायचं, तिथे.

अध्यक्ष : ते गेले तेव्हा माझ्याकडे त्यांच्या फोटोला चौकट करायला पैसे नव्हते. तुला काय कळणार. दगडात कोरून घेतलंय मी ते.

आर्किटेक्ट : त्यांना दिसत होतं का शेवटी?

अध्यक्ष : काय?

आर्किटेक्ट : म्हातारपणी. डोळ्यांनी.

अध्यक्ष : ...एका डोळ्याने. पुस्तक नाकाला लावून वाचायचे. मी हसायचो त्यांना.

आर्किटेक्ट : नाव पुसा असं मी म्हणत नाही. दाराच्या बाजूला लावा, हाताच्या उंचीवर. लहान अक्षरांत, वाचणाऱ्याला वाचता येईल एवढं. आत्ता ते इतकं मोठं आहे की रस्त्याच्या पलीकडून वाचावं लागतं. म्हणजे तुमच्या व्हरांड्यातून.

अध्यक्ष : जीभ आहे का करवत? उद्घाटनाचं काय? लोकांना काय सांगू?

आर्किटेक्ट : महिनाभर पुढे. कारण काहीही सांगा, फक्त मिस्त्रींचं नाव त्यात नको. आणि सुधारित नकाशावर मी आजच सही करते, आजच्याच तारखेची. फक्त ते एक वाक्य खोडून दुसरं लिहीन. "सदर बदल अध्यक्षांच्या इच्छेनुसार, फटी उत्तरेस नव्याने." तुमच्या दाराला मी हात लावत नाही. घ्या नमस्कार.

अध्यक्ष : आणि ते ट्रेसिंग?

आर्किटेक्ट : काम पुरं झालं की माझ्या फाइलमध्ये राहील. खजिनदारांच्या नाही.

अध्यक्ष : कर. कर तुझ्या मनासारखं. बापाचं नाव खाली उतरवलं, आता आणखी काय उतरवायचं राहिलंय! मिस्त्री, फटी करा आणि चालते व्हा. महिन्यानंतर या आवारात पाऊल टाकायचं नाही. शाळेचं काम दुसऱ्याला गेलं असं समजा. माझ्या पेनाने माझाच गळा कापता होय?

मिस्त्री : बरं साहेब.

आर्किटेक्ट : हे काय? काका! यांचा काय दोष? अहो, ऐका... गेले. तरातरा गेले, आणि त्याच दारातून. मिस्त्री, मी सोडणार नाही हे. मी बैठकीत बोलते.

मिस्त्री : नका ताई. तुम्ही बोललात तर फटीही अडतील. आधी भोकं पडू देत भिंतीला.

आर्किटेक्ट : तुमच्या घरचं कुणी बसतं का त्या पलीकडच्या बाकांवर?

मिस्त्री : नाही. आमचा देव वेगळा, ताई. आम्ही इथे येत नाही कधी.

आर्किटेक्ट : मग तर काही अर्थच नाही याला! बघा ना. त्यांचं दार राहिलं. वडिलांचं नाव खाली आलं, तरी राहिलं. मी पलंगावरून "मनासारखं झालंय" म्हणाले, तरी माझी सही स्वच्छ राहिली. म्हाताऱ्यांना वाचता येईल. यातलं एकही तुमचं नाही, आणि दोन वर्षांचं काम तेवढं तुमचं गेलं.

मिस्त्री : शिडी त्या भिंतीला लावतो. तुम्ही खुणा सांगा.

आर्किटेक्ट : घरी काय सांगाल?

मिस्त्री : तेच जुळवतोय मघापासून. शाळेचं काम आपलंच म्हणून, बायकोने धाकट्याचं नाव मोठ्या कॉलेजात घातलंय.