भागुजीनं सरळ केलेलं स्टेरिंग

रामकृष्णहरी म्हणा, मंडळी, आणि जरा पुढं सरका! मागच्या खांबाला टेकलेल्यांनीही सरका — खांब पडत नाही तुमच्यावाचून!

एक प्रश्न विचारतो. समोर वाकडं दिसलं, की माणूस सरळ काय करतो? वाकडेपणा — का नुसतं दिसणं? लगेच उत्तर देऊ नका. भागुजीनंही दिलं होतं. फसला!

कोण भागुजी? भागुजी शेडगे. डोंगरमाथ्यावरच्या आंबेखोलचा. वाडीत जीप एकच, ती याची. दूध खाली न्यायचं, आजारी माणूस खाली न्यायचं, सगळं तिच्यातून. आणि वाटेत पायरीचा खडक! तिथं जीपचं पोट दर खेपेला घासायचं. खर्रर्र! बसलेल्यांची हाडं मोजून व्हायची.

याची एकुलती लेक वैजू. सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, तिला आणायची होती. आणि भागुजीच्या मनात एकच — माझ्या पोरीला त्या खडकावर धक्का बसता कामा नये!

मग काय केलं? जीप उचलली! चार बोटं! चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे धरून ठेवणाऱ्या लोखंडी शॅकल असतात ना, त्या काढून लांब घातल्या. अहो, मला जीपमधलं काय कळतं? हॉर्न! पण ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं, जीप अशी ऐटीत उभी राहिली, जशी नवरदेवाची घोडी!

भागुजी खूश. किल्ली फिरवली, निघाला — आणि मंडळी, जीप ऐकेचना! सरळ धरली तर डावीकडं. डावीकडून आणली तर उजवीकडं. खड्डा आला की स्टेरिंग हातातल्या हातात झटका देतंय. वळण घेतलं की परत सरळ यायचं नावच नाही. आणि रस्ता सरळ असला तरी स्टेरिंग मात्र वाकडं!

"आरं, उचलली मी वर, आन् ही बाजूला का पळती?" भागुजी गोंधळला. टायरमधली हवा बघितली. बरोबर! नटबोल्ट आवळले. घट्टच होते! डावा टायर उजवीकडं घातला, उजवा डावीकडं. तेच! लिंबू बांधलं. लिंबू डावीकडं हलायला लागलं! हसू नका — चार दिवस जेवण गेलं नाही त्याला. जे केलं ते पोरीसाठी, आणि पोरीलाच बसवायची भीती. डोकं चालेना.

त्यात उद्या जायचं विहिणीच्या दारात! हौसाबाई खुटवड. नवऱ्यानं तीस वर्षं गॅरेज चालवलं, आणि या बाईनं ते काम नवऱ्याशेजारी बसून शिकून घेतलं. नवरा गेला, पण गॅरेज तिच्या हातात राहिलं. तिच्यासमोर वाकडं स्टेरिंग? मुलीच्या बापानं?

तर भागुजीला सगळ्या गोंधळात एक गोष्ट कळली. मधला नट सोडला, स्टेरिंग उपसून काढलं, आणि सरळ करून परत बसवलं. झालं! सरळ! मंडळी, काय झालं सरळ? थांबा, सांगतो.

विहिणीकडं पोहे झाले, ओटी भरली. वैजू मागं बसली. हौसाबाई पदर खोचून पुढं चढल्या. "येशीपातुर येते मी."

पन्नास पावलं गेले, पहिला खड्डा — आणि स्टेरिंगनं दिला झटका!

"थांबवा! वैजू, खाली उतर."

"आत्याबाई, काय झालं?"

"उतर म्हणते ना! व्याही, स्टेरिंग पार डावीकडं फिरवा. आता पार उजवीकडं. मधनं मोजा."

डावीकडं पावणेदोन फेरे. उजवीकडं सव्वा! दोन्हीकडं सारखे हवेत ना!

"काढून परत बसवलंत व्हय?"

लेक बघतेय. शेजारपाजार बघतोय. 'नाही' म्हणायला जीभ वळली होती. पण त्यानं वैजूकडं बघितलं. पोटावर हात ठेवून उन्हात उभी होती पोर. आणि भागुजी म्हणाला, "व्हय. मला कळंना, विहीणबाई. चार दिस झाले, कायबी कळंना. सरळ दिसावं म्हणून केलं."

हौसाबाई हसल्या नाहीत. गोणपाट मागवलं, आणि शिरल्या की जीपखाली!

"या इकडं. लांब शॅकलनं पुढच्या चाकांच्या अॅक्सलचा, म्हंजी आसाचा, कल फिरला. कल गेला, म्हणून चाकं सरळ परतायचं विसरली. आन् हा स्टेरिंगचा दांडा बघा. आडवा असायचा, आता उतरता झालाय. खड्डा आला की हाच ढकलतो चाकांना! तुमची चूक उचलण्यात न्हाई. उचलल्यावर खाली बघितलं न्हाई, त्यात हाय."

आधी पाट्याखाली पाचर बसली, अॅक्सल मूळच्या कलात आला. मग स्टेरिंगच्या पेटीतून खाली येणारा लोखंडी हात बदलला, खाली झुकलेला घातला. दांडा पुन्हा आडवा! चाकं सरळ धरून दांड्याची लांबी जुळवली. आणि स्टेरिंग? सगळ्यात शेवटी! दोन दिवस गेले त्यात. भागुजी पाने उचलून देत होता. मुलीचा बाप, विहिणीच्या हाताखाली! गाव बघत होतं. बघू दे!

तिसऱ्या दिवशी पायरीचा खडक आला. जीप चढली, पोट टेकलं नाही. पुढचं वळण घेतलं, हातांची पकड जरा ढिली केली — आणि स्टेरिंग आपलं आपण सरळ आलं! तो आनंदानं मागं वळून म्हणाला, "वैजे, बघितलंस का?"

वैजूनं काही बघितलं नाही. पोर झोपली होती!

आता तुमच्याकडं येतो. भागुजीला हसलात ना? तुमच्यातल्या कितीजणांनी आज नुसतं स्टेरिंग सरळ केलंय? वर करा हात! एकही नाही? माझाही नाही. पण इथं उभं राहण्याआधी मी आरशात तीनदा फेटा सरळ केला, मंडळी. आणि सकाळी घरी धाकट्या भावाशी जे बोललो, ते तसंच वाकडं टाकून आलो.

देवाला फेटा दिसत नाही. तो गोणपाट टाकून खाली शिरतो! तेव्हा जयजयकार नंतर करू. आधी घरी जा. तुमच्या गाडीत कोण बसलंय ते बघा, आणि त्याला सांगा — मला कळत नाहीये. मीही चाललो, भावाकडं.